पस्तीसचा क्लच

तिन्ही ट्रॅक्टर धुऊन अंगणात ओळीनं उभे केले होते आणि त्यांच्यासमोर माझे दोन भाचे एकमेकांकडे पाठ करून बसले होते. थोरला हिंदुराव, धाकटा संपत. मधे बाजेवर मी. वाटणीला मामा लागतोच, त्यातून मी ट्रॅक्टरचा मेकॅनिक, दहिवडी रस्त्याला माझं वर्कशॉप. म्हणून जमीन, गाई, घराच्या खोल्या असे सगळे वाटे आधी होऊन गेले होते आणि यंत्रांचे तेवढे माझ्यासाठी ठेवले होते.

सकाळी चहा देताना आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, मला स्वयंपाकघरात थांबवून घेतलं होतं. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

"वाटे कसंबी कर," ती म्हणाली. "पर दोगं बोलत राहतील असं कर. मला दुसरं काय नको."

भांडण तसं दोन गाठोडी घासावरून झालं होतं. घास म्हणजे लसूणघास, गाईंचा. उन्हाळ्यात त्या भागात विहिरी तळाला जातात, म्हणून दाजी, म्हणजे आक्काचे मालक, हिवाळ्यातला घास वाळवून, त्याच्या चौकोनी गाठी बांधून ठेवायचे. दाजी गेले त्या साली घास कापून पडला असताना अवकाळी पाऊस झाला. संपत म्हणत होता अजून दोन उन्हं द्या. हिंदुरावनं ऐकलं नाही, ओलसरच गाठी बांधल्या. त्या आतून तापल्या, बुरशी आली, आणि त्या वैरणीनं एक गाभण गाय गाभडली. संपत सगळ्यांसमोर म्हणाला की वडील गेल्यावर सहा महिन्यांत दादानं गोठा बसवला. हिंदुरावनं त्याच्या अंगावर हात टाकला. तिथून पुढं दोन चुली झाल्या.

दाजींची गवताची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. तिन्ही ट्रॅक्टर जुने, कुठून कुठून सेकंडहँड आणलेले, आणि प्रत्येकाला एक काम लावून दिलेलं. घरात त्यांना अश्वशक्तीच्या आकड्यानंच हाक मारत. पस्तीस अंगानं हलका, म्हणून त्याला कापणीचं यंत्र. त्याच्या चाकाखाली घासाचे बुडखे दबत नसत. पंचवीस सगळ्यांत म्हातारा आणि संथ, म्हणून त्याला रेक, म्हणजे कापलेला घास ओळीत ओढणारी दातांची चाकं. हे काम सकाळी दव असेपर्यंत करायचं असतं, नाहीतर पानं गळून नुसत्या काड्या हाती येतात. त्याला जोर लागत नाही, धीर लागतो. आणि पन्नास बेलरला. बेलर ओळीतला घास उचलून दाबतो आणि सुतळीनं बांधून मागं टाकतो. बेलर पन्नासलाच, दुसऱ्या कशालाही जोडायचा नाही, असा दाजींचा दंडक होता. का, ते त्यांना मीच एकदा सांगितलं होतं. मुलांना त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि मुलांनीही विचारलं नाही. घरात काही गोष्टी तशाच चालतात.

मी वाटे केले. एका बाजूला पस्तीस, पंचवीस आणि बेलर. दुसऱ्या बाजूला पन्नास, कापणीचं यंत्र आणि रेक. किमतीनं दोन्ही सारखे. मामानं वाटे करायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, हा रिवाज, त्यामुळं कुणाला बोलायला जागा नव्हती. संपतनं पन्नासच्या चाकाला हात लावला. हिंदुराव उठला आणि न बोलता पस्तीसची किल्ली घेऊन गेला.

एकाकडं बेलर, पण तो ओढणारा ट्रॅक्टर दुसऱ्याकडं. एकाकडं कापणी, पण गाठी बांधायची सोय दुसऱ्याकडं. हिवाळा आला की दोघांना एकमेकांच्या दारात जावंच लागणार होतं. आक्कानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. परत येताना मोटरसायकलवर मी गाणं गुणगुणत होतो.

हिवाळा आला आणि कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. संपतनं यंत्रानं घास कापला, रेकनं ओढला आणि सुटाच गंजीला लावला. हिंदुरावनं बाया लावून विळ्यानं कापून घेतला, काठीनं उलटापालटा केला आणि दाताळ्यानं ओळी ओढल्या. दहा जणींनी आठवडाभर करायचं काम ते, पण त्यानं ते केलं. माझा भाचाच तो, हट्टाला आमच्याकडं तोटा नाही.

मग फेब्रुवारीत एका दुपारी तो माझ्या वर्कशॉपला आला. पस्तीसच्या मागच्या दांड्याला, म्हणजे इंजिनावर फिरून मागचं यंत्र चालवणाऱ्या दांड्याला, बेलरचा शाफ्ट बसत नव्हता, मापात फरक होता. तेवढं करून द्या म्हणाला.

"पस्तीसला बेलर लावू नको," मी म्हणालो.

"का?"

"जोर पुरायचा न्हाई त्याला."

"बारक्या गिअरमधी चालवतो. ओळी बारीकच हायत."

"हिंदू, पन्नास मागून आण की. दोन दिसाचं काम. भाऊच हाय तुजा."

 हातातला शाफ्ट त्यानं कापडानं पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाला, "करत नसला तर तसं सांगा."

मी करत नाही म्हणून सांगितलं. तो शाफ्ट खांद्यावर टाकून निघून गेला.

मी त्याला सांगितलेलं कारण खोटं नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मी मुद्दाम पोटात ठेवलं. ते सांगितलं असतं तर त्यानं लगेच पुढचा प्रश्न विचारला असता, की मग त्याला उपाय काय, आणि उपाय सोपा होता. मला तो सोपा व्हायला नको होता. अजून चार दिवस अडून बसला तर जाईल भावाकडं, असा माझा हिशेब होता.

त्यानं दुसरीकडून शाफ्ट जुळवून घेतला. चौथ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मला फोन आला की संपतच्या पायावरून ट्रॅक्टर गेला आणि ट्रॅक्टरवर हिंदुराव होता.

घडलं ते मी नंतर तिथं असलेल्या बायांकडून, हिंदुरावकडून आणि बऱ्याच उशिरा संपतकडून ऐकलं, आणि तिन्ही हकिकती एकमेकींशी जुळत होत्या. हिंदुराव बेलर चालवत होता. पस्तीसनं ओढायचं तसं ओढलं, पंधरा-वीस गाठी पडल्या होत्या. संपत बांधापलीकडं पाणी देत होता. त्याला पुढच्या ओळीत काहीतरी चकाकताना दिसलं. कापणाऱ्या बाईचा विळा घासात राहून गेला होता. तो बेलरच्या आत गेला असता तर यंत्र कायमचं निकामी झालं असतं. संपत बांध ओलांडून धावत आला, हात वर केला आणि ओरडला, "दादा, थांब."

वर्षभरात तो भावाशी बोललेला हा पहिला शब्द.

हिंदुरावनं त्याला पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. बारक्या गिअरमधे ट्रॅक्टर इतका हळू चालतो की ब्रेकला कुणी पाय लावत नाही, क्लच दाबला की जागच्या जागी उभा राहतो. तो थांबणार हे धरूनच संपत विळा काढायला वाकला. त्याचा डावा पाय पुढच्या चाकाच्या वाटेत होता. ट्रॅक्टर थांबला नाही. चार-पाच फूट पुढं आला आणि मग थांबला.

मांडी आणि नडगी, दोन्ही हाडं मोडली होती. फलटणला दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सळई घातली. दवाखान्यातून कळवलं गेलं म्हणून हवालदार येऊन गेला. संपत अजून गुंगीत होता, म्हणून त्याचा जबाब दोन दिवसांनी घेऊ असं हवालदार म्हणाला. पण गावाचा जबाब तोपर्यंत झालेला होता. तीन बाया तिथं हजर होत्या आणि तिघींनी एकच पाहिलं होतं, की त्यानं भावाकडं बघितलं आणि बघत बघत ट्रॅक्टर अंगावर नेला. संपतची बायको नंदा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होती. ती रडत नव्हती. येईल त्याला सांगत होती की मी फिर्याद देणार.

हिंदुराव एकच वाक्य बोलत होता. "मी क्लच दाबला हुता."

तेव्हा गावातली चार माणसं शहानिशा करायला शेतावर गेली, आणि मामा मेकॅनिक म्हणून मलाही घेऊन गेली. त्यांनी बेलर सोडवून बाजूला केला, पस्तीस चालू केला, त्याच गिअरमधे टाकला आणि क्लच दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. दुसऱ्यानं दाबला, तरी थांबला. क्लचला काहीही झालेलं नव्हतं. माणसांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. सगळी तपासणी त्यांनी मन लावून केली होती, फक्त बेलर आधीच सोडून ठेवला होता.

मी तिथं उभा होतो. मी काही बोललो नाही. एकानं विचारलं, क्लच चांगला आहे ना मामा, तर मी म्हणालो, चांगला आहे.

का बोललो नाही याची कारणं मी तेव्हा स्वतःला बरीच दिली. संपत शुद्धीवर आला की अपघात म्हणून सांगेल, मग कशाला उगाच उकरा; पोरं आपसात मिटवतील; आक्काला आत्ता आणखी धक्का नको. खरं कारण एकच होतं, मी घाबरलो होतो.

तिसऱ्या दिवशी हिंदुराव मला दवाखान्याच्या मागं, नळाच्या कट्ट्यावर सापडला. आत जायची त्याला नंदानं बंदी केली होती, तरी तो तीन दिवस तिथंच होता. दाढी वाढलेली, अंगावर तोच शर्ट. मी शेजारी बसलो. नळाकडं बघत तो म्हणाला,

"मामा, क्लच चांगला हाय म्हनं."

"व्हय."

"म्हंजी मी दाबलाच नसंल."

मी नळाची तोटी घट्ट पिळली.

"मला दाबल्यालं आठवतंय. पार खाली टेकस्तवर दाबलाय. पर सगळी म्हनत्यात तर..." त्यानं स्वतःच्या डाव्या पायाकडं पाहिलं. "राग हुता की माज्या मनात. वरीसभर हुता. आता मलाच कळंना, मामा. मीच नेला का काय त्येच्या अंगावर?"

हे ऐकल्यावर मला तिथं बसवेना. माझा भाचा माझ्या शेजारी बसून स्वतःवरच भावाच्या जिवावर उठल्याचा आळ घेत होता, आणि त्याला सोडवायला लागणारी गोष्ट माझ्या पोटात होती. मी उठलो, पायऱ्यांवर नंदाकडं गेलो आणि म्हणालो, हवालदार उद्या येणार, त्याच्या आधी सकाळी तासभर माझ्याबरोबर शेतावर चल. ती नाही म्हणाली. मग मी म्हणालो, "मी काय सांगत न्हाई तुला. तू तुज्या पायानं क्लच दाबून बग. मग काय फिर्याद द्यायची ती दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं शेतावर होतो. मी, नंदा, आक्का आणि लांब बांधावर हिंदुराव. मोकळ्या पट्टीत मी फक्कीची एक आडवी रेघ मारली. पुढं कुणी उभं नाही याची दोनदा खात्री केली. पस्तीसवर मी बसलो, नंदाला शेजारी उभं केलं आणि तिचा पाय क्लचवर ठेवायला लावला. रेघेवर पुढचं चाक आलं की दाब म्हणून सांगितलं.

आधी बेलर न जोडता. चाक रेघेवर आलं, तिनं दाबला, ट्रॅक्टर थांबला.

"हे बगितलंय सगळ्यांनी," ती म्हणाली.

मग मी बेलर जोडला. मागचा दांडा चालू केला, बेलरचं जड चाक वेगात फिरू दिलं आणि त्याच गिअरमधे निघालो. चाक रेघेवर आलं. नंदानं क्लच पार खाली दाबला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला आणि ट्रॅक्टर मात्र चालतच राहिला, कुणी मागून ढकलल्यासारखा. तिनं दोन्ही हातांनी माझा खांदा धरला आणि आणखी जोरानं दाबला. साडेचार फुटांवर तो थांबला.

मी सांगितलं ते असं. पस्तीसला एकच क्लच. तो दाबला की इंजिन सुटतं, पण बेलरचं फिरतं चाक सुटत नाही. ते मागच्या दांड्यावरून उलटं गिअरबॉक्सला फिरवतं आणि गिअरबॉक्स चाकांना. बेलरच ट्रॅक्टरला पुढं ढकलतो. पन्नासचा क्लच दुहेरी आहे, त्याला हे होत नाही. कापणीच्या यंत्राला असं जड चाकच नाही, म्हणून तिथं पस्तीस चालतो. हिंदुरावनं क्लच दाबला होता. तिथं कुणीही असता तरी ट्रॅक्टर थांबला नसता.

नंदा खाली उतरली. तिनं वाकून रेघ आणि चाक यांच्यातलं अंतर पाहिलं. मग बांधावरच्या हिंदुरावकडं पाहिलं. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला होता.

"ह्याला उपाव नसतो?" तिनं मला विचारलं.

"असतो. शाफ्टवर एक डबी बसती, सायकलच्या फ्रीव्हीलवानी. एकाच अंगाला जोर देती. दिसाभराचं काम."

"तुमाला हे कवा कळलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. काल रात्री विचार केला, पुस्तक उघडून पाहिलं, असं काहीही चाललं असतं. तिनं विश्वास ठेवला असता.

"पयल्यापासनं ठाऊक हाय," मी म्हणालो. "वाटे केले तवाबी ठाऊक हुतं."

"आनि भावजी शाफ्ट घिऊन आलं तवा?"

"तवाबी."

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं तर डबी बसवून मागितली असती. मग त्याला संपतकडं जायची गरज राहिली नसती."

तिला समजायला थोडा वेळ लागला. आक्काला लागला नाही. ती ट्रॅक्टरच्या मागं उभी होती, तिथून पुढं आली. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. लहानपणी ती मला काठीनं मारायची. तिनं तसं काही केलं नाही.

"मी तुला पोरं बोलती ठेव म्हनलं हुतं," ती म्हणाली. "अडवून ठेव म्हनलं न्हवतं."

मग ती हिंदुरावकडं गेली, त्याला उठवलं आणि तिघंजण मला तिथंच ठेवून दवाखान्याकडं निघाले. मी बेलर सोडवला, ट्रॅक्टर झाकला आणि मोटरसायकलवर बसून वर्कशॉपला आलो.

संपतनं हवालदाराला अपघात म्हणून जबाब दिला. हिंदुराव आत गेला तेव्हा काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण महिनाभर तोच त्याला उचलून संडासला नेत होता, तोच पट्टी बदलायला गाडीवर घेऊन जात होता. पाय दोन बोटं आखूड राहिला, तो राहिलाच. पावसाळ्यात तिन्ही ट्रॅक्टर पुन्हा एका शेडखाली आले. पस्तीसला फ्रीव्हीलची डबी बसली. ती बारामतीच्या एका मेकॅनिककडून बसवून आणली होती.

मी काही त्या घराला तुटलो असं कुणी म्हणणार नाही. कार्याला बोलावणं येतं, जेवायला पान असतं. त्या दिवाळीत भाऊबीजेला नेहमीसारखा आक्काकडं गेलो. आक्कानं पाट मांडला, कुंकू लावलं, ओवाळलं, ताटात करंजी वाढली. एकही शब्द बोलली नाही. मी दोनदा विषय काढला, तब्येतीचा आणि पावसाचा, तिनं मान हलवली. ओसरीवर दोघं भाऊ बसले होते. पहिली कापणी कधी धरायची, दव किती पडतंय, बेलरला कुठली सुतळी बरी, असं त्यांचं चाललं होतं. मधेच संपत काहीतरी म्हणाला आणि हिंदुराव मोठ्यानं हसला. आक्कानं हातातली वाटी खाली ठेवली आणि ते ऐकत बसली.

मी निघालो तेव्हाही ते बोलतच होते. आज याला अकरा वर्षं झाली. दर भाऊबीजेला मी जातो, आक्का ओवाळते, आणि ओसरीवरचं त्यांचं बोलणं आम्ही दोघं गप्प बसून ऐकतो.